तरुण खातेदाराची कर्जफेड

वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर मुलाचे नाव लागते, तेव्हा त्याच उताऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजाही उभा असतो. जमिनीबरोबर तोही वारसास येतो. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या तरुणाने शेतीची सूत्रे हाती घेतली म्हणजे दोन-तीन वर्षांत या बोजाशेजारी आणखी काही देणी जमा होतात. आजारपणासाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी काढलेली सावकारी रक्कम, कृषि सेवा केंद्रातील खता-बियाण्याची उधारी, मोटारसायकलीचे हप्ते आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर काही मिनिटांत मिळणारे कर्ज ही त्यांतील नेहमीची होत. एकूण देणे किती, असे विचारता तो बहुधा एकच आकडा सांगतो आणि बहुधा कमीच सांगतो. तो लबाड असतो असे नव्हे. निरनिराळ्या देण्यांची एकत्र बेरीज त्याने कधी केलेलीच नसते आणि चारचौघांत ती उच्चारण्याची त्यास लाज वाटते.

अशा तरुणास काटकसरीचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु त्याच्या घरी गेल्यावर काटकसरीस जागा फारशी उरलेली नसते, हे ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. त्याची अडचण निराळी असते. कोणते कर्ज महाग व कोणते स्वस्त याचा हिशेब त्याच्याजवळ नसतो. त्यामुळे सुगीचा पैसा हाती येताच, जो धनको सर्वांत आधी खळ्यावर येऊन उभा राहतो त्याचे देणे प्रथम फिटते आणि जे कर्ज घर पोखरत असते ते तसेच राहते.

हा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. लातूरकडील काळ्या जमिनीत तीन एकर कोरडवाहू शेती आणि एक संकरित गाय असलेला एक तरुण उदाहरणादाखल घेऊ. सोसायटीमार्फत काढलेले पीक कर्ज ६०,००० रुपये. गावातील सावकाराचे ३०,००० रुपये, शेकडा तीनने. दुकानाची उधारी २४,००० रुपये, तिच्यावर शेकडा दोनची आकारणी. मोटारसायकलीसाठी ६०,००० रुपये तीन वर्षांच्या मुदतीने काढलेले, त्यांतील दोन वर्षांचे हप्ते बाकी. शिवाय भ्रमणध्वनीवरील कर्ज ५,००० रुपये.

आता या प्रत्येकाची किंमत पाहावी. खेड्यात ‘शेकडा तीन’ म्हणतात तेव्हा तो दर महिन्याचा असतो. म्हणजे वर्षास शंभरावर ३६ रुपये झाले. तीस हजारांवर दरमहा ९०० आणि वर्षाकाठी १०,८०० रुपये व्याजापोटी जातात व मुद्दल जागचे हलत नाही. दुकानाच्या उधारीचा दर वर्षास २४ टक्के पडतो. रोखीचा व उधारीचा भाव वेगळा लावला जात असेल, तर तो याहूनही चढतो. मोटारसायकलीचे व्याज १२ टक्के सांगितलेले असते, परंतु ते साठ हजारांच्या पूर्ण रकमेवर तिन्ही वर्षे आकारलेले असते. २१,६०० रुपये व्याज धरून महिना २,२६७ रुपयांचा हप्ता बसतो. मुद्दल दर महिन्यास कमी होत जाते, पण व्याज कमी होत नाही. म्हणून खरा दर सुमारे २१ टक्के होतो. भ्रमणध्वनीवरील कर्जाची तऱ्हा तर सर्वांहून वाईट. पाच हजारांच्या कर्जातून शुल्क म्हणून एक हजार आधीच कापून चार हजार हाती द्यावयाचे आणि पंधरा दिवसांत पूर्ण पाच हजार मागावयाचे, असा व्यवहार असेल तर तो पंधरवड्यास शेकडा पंचवीसचा झाला.

सोसायटीचे कर्ज रकमेने सर्वांत मोठे, म्हणून तरुणास त्याचीच भीती सर्वांत अधिक वाटते. वास्तविक ते सर्वांत स्वस्त असते. केंद्र शासनाच्या व्याज सवलतीमुळे तीन लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदत पीक कर्ज सात टक्क्यांनी मिळते आणि मुदतीत फेडणाऱ्यास आणखी तीन टक्क्यांची सूट असते. उरलेला भार महाराष्ट्र शासनाची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते. मुदत पाळणाऱ्यास हे कर्ज अशा रीतीने बिनव्याजी पडते. काही ठिकाणी व्याज आधी भरून घेऊन सवलत मागाहून खात्यात जमा करतात. आपल्या शाखेची रीत कोणती, हे आधीच विचारून ठेवावे. मुदत मात्र एका दिवसानेही चुकता कामा नये, कारण सवलत सगळी मुदतीवरच अवलंबून आहे.

दिवाळीच्या सुमारास या तरुणाच्या घरी एकवीस क्विंटल सोयाबीन आले आणि ते ४,२०० रुपयांच्या भावाने गेले असे धरू. हाती ८८,२०० रुपये येतात. प्रतिष्ठेखातर त्याच आठवड्यात सोसायटीचे साठ हजार भरून मोकळे व्हावे, असे वडीलधारे सांगतील. पण खरीप पीक कर्जाची मुदत ३१ मार्चपर्यंत असते आणि तोवर त्या कर्जावर काही चढत नाही. सावकाराचे नऊशे रुपये मात्र दरमहा चढत राहतात. म्हणून दिवाळीच्या पैशातून प्रथम त्याचे तीस हजार परत करावेत. रब्बीची पेरणी व सण यांस पंधरा हजार लागले, तर ४३,२०० रुपये शिल्लक राहतात. मार्चमध्ये सात क्विंटल हरभरा ५,००० रुपयांनी विकला, तर त्यात ३५,००० रुपयांची भर पडते. त्यातून सोसायटीचे साठ हजार मुदतीत भरून १८,२०० रुपये उरतात. भ्रमणध्वनीवरील पाच हजार सुगीपूर्वीच मिटवावेत. पीएम-किसान व नमो शेतकरी योजनांचे मिळून चार महिन्यांस चार हजार रुपये येतात, त्यांत दुधाच्या पैशातील एक हजार घातले की काम होते. त्यापुढील चार हजारांचा हप्ता आणि सावकारास जाणारे, आता वाचलेले दरमहा नऊशे रुपये दुकानदाराकडे वळवावेत. मार्चअखेर त्याची बाकी अठरा हजारांच्या आत येते आणि हरभऱ्याच्या शिलकीतून ती जवळजवळ पूर्ण फिटते. घरखर्च आणि मोटारसायकलीचा हप्ता दुधाच्या दहा-दहा दिवसांच्या पगारातून व मोकळ्या दिवसांतील मजुरीतून चालवावयाचा. हप्त्याच्या तारखेस खात्यात पैसे नसले की प्रत्येक वेळी दंड बसतो, म्हणून दुधाचा एक पगार त्यासाठीच बांधून ठेवलेला बरा.

कागदावर हे सोपे दिसते. अवघड जागा एकच, ती म्हणजे नोव्हेंबर ते मार्च हे त्रेचाळीस हजार रुपये खात्यात तसेच राहू देणे. भावकीत लग्न निघते, मित्रास उसने हवे असतात, ट्रॅक्टरच्या पेढीचा माणूस बांधावर येतो. बँकेत चार महिन्यांची मुदत ठेव केली तर व्याज थोडेच मिळेल, परंतु मागणाऱ्यास नाही म्हणावयास एक खरे कारण मिळेल.

ही रक्कम आधीच खर्च झाली म्हणजे मार्चमध्ये ‘नवे-जुने’ करण्याची पाळी येते. कोणाकडून तरी आठ दिवसांसाठी साठ हजार आणून सोसायटीत भरावयाचे आणि नवे कर्ज उचलून ते परत करावयाचे, ही रीत सर्वत्र परिचित आहे. ती सरसकट वाईट म्हणता येणार नाही, कारण थकबाकीदार होण्यापेक्षा ती बरी. परंतु नवे कर्ज मंजूर होण्यास महिना लागला तर आठ दिवसांची हातउसनी रक्कम शेकडा तीन-चारची सावकारी होऊन बसते. हा मार्ग धरावाच लागला, तर नवी रक्कम किती दिवसांत हाती पडेल याची शाखेत आधी खात्री करून घ्यावी.

सोयाबीनचा भाव दिवाळीस पडलेला असेल तर सावकार फेडण्यासाठी माल मातीमोल विकावा काय, असा प्रश्न येतो. येथे शेतमाल तारण योजनेचा उपयोग होतो. राज्य कृषि पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत ही योजना चालविते. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल गोदामात ठेवल्यास त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळू शकते. सहा टक्क्यांच्या पैशाने छत्तीस टक्क्यांचे देणे फेडावयाचे आणि माल भावासाठी राखावयाचा, असा हा व्यवहार आहे. आपल्या बाजार समितीत योजना चालू आहे की नाही याची चौकशी कार्यकर्त्याने सुगीपूर्वीच करून ठेवावी. सुगीनंतर केलेली चौकशी पुढच्या वर्षासच उपयोगी पडते.

सावकाराविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते व वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तरीही १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या अहवालात शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के आढळला. आज चित्र पुष्कळ पालटले आहे, तथापि विनापरवाना सावकारी गेलेली नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सावकारास परवाना आवश्यक आहे आणि शेतकऱ्यास दिलेल्या कर्जावर तारणी असल्यास वर्षास नऊ व विनातारण असल्यास बारा टक्के असे दर त्याच वर्षी ठरविण्यात आले. शेकडा तीनचा दर त्याच्या तिप्पट किंवा चौपट होतो.

व्याजाहूनही मोठा धोका कागदाचा असतो. कर्जाच्या तारणासाठी गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेण्याचा प्रकार आढळतो. रक्कम परत केली की जमीन उलट फिरवून देतो, असे तोंडी सांगितले जाते. तरुण खातेदाराने अशा कागदावर कोणत्याही अडचणीत सही करू नये. पूर्वी झाली असल्यास सहकारी संस्थांच्या तालुका सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. अवैध सावकारीतून जमीन गेली असे चौकशीत ठरल्यास ती परत देवविण्याची तरतूद या अधिनियमात आहे.

पडद्यावर अंगठा दाबून घेतलेल्या कर्जासही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात यावयास हवी आणि सर्व शुल्क धरून वर्षाचा दर किती पडतो हे पत्रकात आधी दाखविले पाहिजे. ज्याच्यामागे बँक किंवा नोंदलेली वित्तसंस्था कोणती हे दिसत नाही, त्याच्या वाटेस जाऊ नये. घरातील स्त्रियांच्या नावे गटाचे सूक्ष्म कर्ज असेल तर तेही यादीत धरावे. रिझर्व्ह बँकेच्या त्याच वर्षीच्या चौकटीनुसार कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, अशी मर्यादा असे कर्ज देणाऱ्यावर आहे. या कर्जास तारण घेता येत नाही, आणि मुदतीपूर्वी फेडल्यास दंडही लावता येत नाही.

कर्जमाफी येईल म्हणून मुदत टाळणाऱ्यांची संख्या लहान नाही. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत व २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंत थकीत कर्ज माफ झाले, हे खरे आहे. २०१९ च्या योजनेतच नियमित फेड करणाऱ्यांस पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन देण्याचे ठरले, हेही खरे आहे. पण माफीची वाट पाहताना शून्य टक्क्याची सवलत जाते, नवे पीक कर्ज थांबते आणि बी-खतासाठी तरुण पुन्हा शेकडा तीनच्या दारात उभा राहतो. पतनोंदीत थकबाकी दिसू लागली की पुढे विहिरीसाठी किंवा गाईसाठी कर्ज मागतानाही ती आड येते. पाऊस किंवा गारपीट यांनी पीक खरोखरच गेले असेल तर गोष्ट वेगळी. आपत्ती जाहीर झाल्यावर पीक कर्जाचे पुनर्गठन मागता येते. त्यासाठी मुदत उलटण्याची वाट न पाहता शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

कार्यकर्त्याने ही यादी चावडीवर किंवा पारावर बसून करू नये. तरुणाच्या घरी, शक्य तर त्याच्या पत्नीस व आईस बरोबर घेऊन, वही पुढे ठेवून ती करावी. प्रत्येक देण्यापुढे रक्कम, दरमहा व्याज, मुदत आणि कागद कोणाजवळ आहे, एवढे लिहिले तरी पुरे. पहिल्या बैठकीत सर्व देणी बाहेर येत नाहीत. भ्रमणध्वनीवरील कर्ज तर बहुधा शेवटी, उठता उठता सांगितले जाते. दुसरी खेप एप्रिल-मे महिन्यांत, नवे पीक कर्ज हाती येते त्या सुमारास घालावी. त्या रकमेतून बी-खत रोखीने व पक्क्या पावतीने घेतले गेले तर दुकानाची उधारी पुन्हा उभी राहत नाही.

देणे फिटले की कागद परत घेण्याचे काम राहते आणि नेमके तेच मागे पडते. सावकाराकडे दिलेले कोरे धनादेश व मुद्रांक त्याच दिवशी, दोन साक्षीदारांसमक्ष परत घ्यावेत. दुकानदाराकडून खाते पूर्ण झाल्याची सही घ्यावी. मोटारसायकलीचा शेवटचा हप्ता गेल्यावर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र घेऊन परिवहन कार्यालयात नोंदणीवरील बोजा उतरवावा लागतो, तो आपोआप उतरत नाही. सोसायटीचे कर्ज पुढे कायमचे बंद करावयाचे झाल्यास बेबाकी दाखला घेऊन तलाठी कार्यालयात अर्ज द्यावा आणि इतर हक्कांतील नोंद कमी झालेला नवा उतारा काढून पाहावा.