४९९ ची नोंद

जुलै संपत आला की चिखली, मेहकर, मोताळा, कुठल्याही तालुक्याच्या गावी सेवा केंद्रासमोर गर्दी होते. सोयाबीन गुडघ्याला लागलेले असते, पीकविम्याची मुदत तोंडावर असते. कुणाला सातबारा हवा, कुणाला आठ-अ. काउंटरमागून सगळ्यांना एकच उत्तर मिळते : "भाऊ, सर्व्हर डाऊन हाये. दुपारून या."

बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत हे वाक्य आता इतके रुळले आहे की त्यावर कुणी पुढे काही विचारत नाही. विचारायला मात्र हवे, कारण सर्व्हर खरोखर बंद असतो असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा तो चालू असतो आणि आपल्यापर्यंत आलेल्या प्रत्येक मागणीची एक ओळ लिहून ठेवत असतो. ओळीत मागणाऱ्याचा आयपी पत्ता, तारीख-वेळ, मागितलेले पान, किती बाइट परत पाठवले, कुठला ब्राउझर होता एवढे असते आणि मध्ये तीन आकडी एक संकेत असतो. २०० म्हणजे काम झाले. ४०४ म्हणजे असे पान नाही. ५०२ म्हणजे दारातला सर्व्हर ठीक आहे, पण आतल्या यंत्रणेने धड उत्तर दिले नाही. ५०४ म्हणजे आतून उत्तर यायची वाट पाहून वेळ संपली. काउंटरवर यांतले शेवटचे दोन्ही 'डाऊन'च असतात. दुरुस्त करणाऱ्याला मात्र दोन वेगळ्या ठिकाणी हात घालावा लागतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ४९९. हा संकेत कुठल्याही अधिकृत मानकात नाही. इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये जगापुढे ठेवलेल्या एंजिनएक्स या वेब सर्व्हरची ती स्वतःची सोय आहे. अर्थ असा, की सर्व्हर उत्तर तयार करत होता, तेवढ्यात मागणाऱ्यानेच जोडणी तोडली. कधी मोबाइलची रेंज गेलेली असते. पण मुदतीच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास अशा ओळींचा ढीग पडू लागला, तर पडद्यावर गोल फिरत राहिले, माणसे कंटाळली आणि त्यांनी पान बंद केले किंवा पुन्हा नव्याने उघडले, असेच समजायला हवे. थांबून थांबून निघून गेलेल्या माणसाची कागदोपत्री राहणारी खूण एवढीच. आणि सर्व्हर खरोखर बंद असेल, तर ओळच उमटत नाही. नोंदीतली ती रिकामी जागाही वाचता यावी लागते.

या ओळी वाचणारे एक सॉफ्टवेअर आहे. त्याचे नाव फाइलबीट. ते सर्व्हरच्या कोपऱ्यात बसून लॉगच्या फाइलींवर नजर ठेवते, नवी ओळ आली की उचलते आणि पुढे पाठवते. पण नुसते उचलणे हे सोपे काम आहे. खरे कौशल्य लागते ते त्या ओळीचा अर्थ लावायला. हे कौशल्य तयार करून बरोबर देणारी जी मॉड्यूल्स आहेत, त्यांच्यासाठी हा लेख लिहितो आहे.

नोंदी गोळा करण्याची रीत जुनी आहे. १९८० च्या दशकात बर्कलीमध्ये एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल-प्रणालीसाठी सिसलॉग लिहिला, आणि पुढे तो साऱ्या युनिक्स जगाची सवय बनला. त्याच्या जुन्या ओळीत महिना, दिवस आणि वेळ असे. साल नसे, कालक्षेत्रही नसे. पुढे प्रत्येक सॉफ्टवेअरने ओळ आपापल्या ढंगाने लिहिली. मायएसक्यूएलची मंद प्रश्नांची नोंद तर एकेका घटनेला चार-पाच ओळी घेते. जॉर्डन सिसेल यांनी २००९ मध्ये लॉगस्टॅश सुरू केला तो या गोंधळातून वाट काढायला. त्यातल्या 'ग्रोक' या साधनात सुमारे १२० तयार साचे होते : हा आयपी पत्ता, हा आकडा, ही तारीख. ते जोडून आपल्या ओळीचा साचा बनवायचा. एक चौकटी कंस चुकला, की सगळी ओळ नापास. त्या काळात अनेक ठिकाणच्या लोकांनी त्याच एंजिनएक्सच्या त्याच ओळीसाठी तोच साचा स्वतंत्रपणे रात्री जागून लिहिला आहे.

मार्च २०१७ मध्ये फाइलबीटच्या ५.३ या आवृत्तीबरोबर मॉड्यूल्स आली. सुरुवातीला अपाची, एंजिनएक्स, मायएसक्यूएल आणि लिनक्सच्या मूळ सिस्टिम लॉगपुरती. पुढे ही यादी फायरवॉल, डेटाबेस, क्लाउड सेवा असे करत कितीतरी वाढली. एक मॉड्यूल उघडून पाहिले, की आत काय काय बांधून दिले आहे ते कळते. कुठल्या लिनक्सवर नोंदींची फाइल कुठल्या वाटेवर सापडेल, ते लिहिलेले असते. एका घटनेच्या अनेक ओळी कशा जोडायच्या, तेही. ओळ फोडण्याच्या पायऱ्या, जिथे या ओळी साठवल्या आणि शोधल्या जातात त्या इलॅस्टिकसर्चच्या आत चालतात : आधी ग्रोकने तुकडे, मग तारखेचे रूपांतर, मग ब्राउझरच्या लांबलचक नावातून 'अँड्रॉइड' किंवा 'विंडोज' वेगळे काढणे, मग आयपीवरून ठिकाणाचा अंदाज. शेवटी किबाना या पडद्यासाठी आलेख आणि तक्ते आखून दिलेले. वापरणाऱ्याने मॉड्यूल सुरू करण्याची एक आज्ञा द्यायची, मॉड्यूलच्या फाइलमध्ये हवी ती नोंद चालू करायची, मांडणीची दुसरी आज्ञा द्यायची आणि सेवा चालू करायची. फाइल नेहमीच्या जागी असेल, तर थोड्याच वेळात आलेख भरू लागतो.

याचे मोल तालुक्याच्या ठिकाणी जास्त आहे. पुण्या-बंगळुरातल्या कंपनीत साचे लिहायला स्वतंत्र माणसे असतात. शेगावच्या १९८३ पासूनच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून घराजवळच्या एखाद्या संस्थेचे संगणक सांभाळणाऱ्या मुला-मुलीवर प्रिंटरपासून बॅकअपपर्यंत सारे असते. ज्या ज्ञानासाठी त्यांना महिने लागले असते, ते कुणीतरी तपासून, चुका सुधारून, खुले करून ठेवले आहे. मला या क्षेत्रातली ही सर्वांत उदार गोष्ट वाटते.

मॉड्यूल्सचा दुसरा गुण २०१९ मध्ये पक्का झाला. तोवर एका मॉड्यूलमध्ये मागणाऱ्याच्या पत्त्याला एक नाव असे, दुसऱ्यात वेगळे. त्या वर्षी 'इलॅस्टिक कॉमन स्कीमा' हा रकान्यांचा समान तक्ता आला आणि सगळ्या मॉड्यूल्सना तो लागू झाला. तलाठ्याच्या दप्तरातले गाव नमुने १ ते २१ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नमुना सात आणि नमुना बारा साऱ्या गावांत एकाच रकान्यांचे आहेत, म्हणून देऊळगाव राजाच्या गावाची बेरीज संग्रामपूरच्या गावाशी मांडता येते. तसेच वेब सर्व्हरची ओळ, फायरवॉलची ओळ आणि लॉगिनची ओळ एकाच रकान्यांत बसली, की एका आयपी पत्त्याने तिन्ही ठिकाणी काय केले ते एका शोधात दिसते.

वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसलेल्या भागात फाइलबीटचा आणखी एक स्वभाव उपयोगी पडतो. प्रत्येक फाइल कुठवर वाचून झाली, याची ते स्वतःजवळ नोंद ठेवते. फाइल ते नुसत्या नावावरून ओळखत नाही. त्यामुळे मध्यरात्री फाइलचे नाव बदलून नवी सुरू झाली, तरी जुनीतली उरलेली ओळ सुटत नाही. नेट गेले तर ते थांबते, आले की थांबलेल्या जागेपासून पुढे चालते. पोच मिळाल्याशिवाय पुढे सरकत नसल्याने कधी एखादी ओळ दोनदा जाते. हे परवडते. परवडत नाही ते दुसरे : नेट दोन दिवस बंद आणि जुन्या फाइली रोज पुसल्या जाणार, अशी मांडणी असेल, तर न पाठवलेल्या ओळी कायमच्या गेल्या.

अशा ओळी जाणे आता कायद्याच्या दृष्टीनेही परवडणारे नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर, इतर निगमित संस्था आणि सरकारी संस्था यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी सतत १८० दिवस सांभाळायच्या आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. घड्याळेही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची आहेत.

घड्याळाचा मुद्दा किरकोळ नाही. साठवताना वेळ जागतिक प्रमाणवेळेत जाते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. एंजिनएक्सच्या भेटींच्या नोंदीत +०५३० असे स्पष्ट लिहिलेले असते. त्याच सर्व्हरच्या चुकांच्या नोंदीत मात्र कालक्षेत्र नसते. मॉड्यूल ते यंत्राकडून विचारून घेते आणि जोडते. ती पायरी कुणी काढून टाकली, तर सकाळी साडेदहाची चूक पडद्यावर दुपारी चारला दिसते आणि तिच्यामुळे अडलेल्या मागण्या साडेदहालाच राहतात. कारण आणि परिणाम यांची ताटातूट होते.

मधल्या काळात बाहेरचे जग बदलले. २०२१ मध्ये फाइलबीट बनवणाऱ्या इलॅस्टिक कंपनीने इलॅस्टिकसर्चचा परवाना बदलला, त्यातून ॲमेझॉनने ओपनसर्च ही वेगळी शाखा काढली. २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएल या खुल्या परवान्याचा पर्याय पुन्हा दिला. मॉड्यूल्सचे काम आता इलॅस्टिक एजंट आणि त्याच्या 'इंटिग्रेशन्स'कडे सरकते आहे. नावे बदलली तरी आतल्या पायऱ्या जवळपास त्याच आहेत.

माझी खरी तक्रार नकाशाबद्दल आहे. तयार पडद्यावर एक सुंदर नकाशा येतो, कुठून किती मागण्या आल्या ते ठिपक्यांनी दाखवणारा. हे ठिपके मॅक्समाइंडच्या मोफत यादीवरून ठरतात. ग्रामीण भागातला बहुतेक वापर मोबाइलवरून होतो, हजारो फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात आणि ते पत्ते बहुधा मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांच्या नावे लागलेले असतात. मग सिंदखेड राजाच्या शेतकऱ्याची मागणी मुंबईच्या ठिपक्यात मिसळते. नकाशावर बुलढाणा जवळजवळ कोराच राहतो. तो पाहून कुणी 'विदर्भात वापर कमी' असा निष्कर्ष काढला, तर तो यंत्राचा दोष नाही, पण अन्याय मात्र खरा आहे.

उपाय आहे, आणि तो मॉड्यूलच्या पुढे आपण एक-दोन पायऱ्या जोडण्यात आहे. ज्या संकेतस्थळावर तालुका किंवा गाव निवडून मग पान उघडते आणि ते नाव पत्त्यात येते, तिथे ठिकाण आयपीवरून ओळखायची गरजच नाही. मागणीतच ते लिहिलेले असते. फक्त ते ओळखू येत नाही. वेब पत्त्यात देवनागरी अक्षर तसेच जात नाही. प्रत्येक वर्णाचे आणि प्रत्येक मात्रेचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे. 'चिखली' हा पाच चिन्हांचा शब्द नोंदीत ४५ अक्षरांची शेपटी होऊन पडतो. तो उलगडणारी 'यूआरएल डिकोड' नावाची पायरी इलॅस्टिकसर्चमध्ये तयारच आहे. तिच्यानंतर एक छोटी यादी हवी, आपणच करायची : बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर. नावाच्या निरनिराळ्या लिहिण्याच्या तऱ्हाही त्यात घालाव्या लागतील. 'बुलडाणा' लिहिणारे आजही पुष्कळ आहेत. समान तक्त्याला धक्का न लावता स्वतःचा रकाना वाढवायची मुभा आहे. त्या रकान्याला 'तालुका' म्हणायचे आणि आलेख पुन्हा मांडायचा : उभ्या बाजूला ४९९ च्या ओळी, आडव्या बाजूला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आणि तेरा तालुक्यांच्या तेरा रेषा.