दोन चौरस फुटांत दहा हजार अंडी

कासवाची विष्ठा मिठाच्या दाट पाण्यात ढवळली, की तिच्यातली जंतांची अंडी वर तरंगतात. रेघा आखलेल्या काचेवर ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. या मोजणीत दिसलेलं एक अंडं म्हणजे साधारणपणे ग्रॅममागे 50. समजा, 40 दिसली. एका ग्रॅमला 2,000 झाली. दिवसाची विष्ठा पाचच ग्रॅम धरली, तरी 10,000.

आता हीच अंडी एक एकर माळावर पसरा. 43,560 चौरस फूट जागा, म्हणजे चार चौरस फुटांत जेमतेम एक. कासव चरत पुढे निघून जातं, मागची कितीतरी अंडी उन्हात करपतात. तेच कासव दोन फूट बाय एक फूट टाकीत असेल, तर चौरस फुटाला 5,000! तिथेच खाणं, तिथेच विष्ठा. महिनाभर टाकी धुतली नाही, तर तीन लाख. मग नवे जंत बाहेरून यायलाच नकोत.

जंत असणं मुळात एवढं वाईट नाही. भूमध्य सागराकडच्या कासवांच्या मोठ्या आतड्यात सख्ख्या नात्यातल्या आठ जातींचे जंत आपापली जागा धरून नांदतात, हे शाड या संशोधकांनी 1963 सालीच दाखवलं होतं. कासव त्यांच्यासकट धडधाकट जगतं. त्याला मारते ती आपण दिलेली कोंडी.

आणि कोंडलेली किती? भारतातल्या एकाच ठिकाणाहून वर्षाला किमान 55,000 तारा जातीची कासवं उचलली जातात, असा अंदाज 2015 साली संशोधकांनी मांडला. म्हणजे दिवसाला दीडशे. घरात कासव असलं की लक्ष्मी नांदते, ही समजूतही या हिशेबात आहे.

आमचं कोल्हापूर हा दुधाचा मुलूख, त्यामुळे गोठ्यातलं जंतांचं औषध हाताशी असतं. कृपा करून ते कासवाला देऊ नका. गाईम्हशींना चालणारं आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर उठतं, अगदी थोड्या मात्रेतही.

तारा कासव पाळणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. घाबरून ते रंकाळा तलावात किंवा पंचगंगा नदीत सोडू नका. ते जमिनीवरचं आहे, बुडून मरेल. वन विभागाला फोन करा, आणि तोवर टाकी रोज धुवा.