रुपया घसरला, शेव महागली



आठवडी बाजारात भज्यांचा भाव वाढला की गाडीवाला म्हणतो, "तेल महागलं." तेल का महागलं, असं विचारलं तर हल्ली उत्तर मिळतं, "डॉलर वाढला." आता बेसन आपल्या चक्कीवरचं, कांदा आपल्या शेतातला, मिरची परड्यातली. मग कढईत हा डॉलर कुठून पडला? तेच आज पाहू.

आपला देश तेलबिया पिकवतो खरा, पण तेवढं तेल आपल्याला पुरत नाही. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल परदेशातून येतं. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीनचं तेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया आणि युक्रेनमधून. फरसाणवाले, चिप्सवाले, बिस्किटवाले बहुतेक पामतेल वापरतात, कारण ते स्वस्त असतं आणि तापवल्यावर लवकर बिघडत नाही. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर 'आनंदाचा शिधा' मिळाला, त्यातही एक लिटर पामतेलच होतं.

परदेशातला व्यापारी आपले रुपये घेत नाही. त्याला डॉलर लागतात, आणि ते आपल्याला रुपये देऊन विकत घ्यावे लागतात. जशी ज्वारी, तसाच डॉलर. मागणी वाढली की भाव चढतो. एका डॉलरला जास्त रुपये मोजावे लागले की आपण म्हणतो, रुपया घसरला.

आजोबांच्या पिढीला 'अवमूल्यन' हा शब्द माहीत आहे. ६ जून १९६६ रोजी सरकारने एका डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये केला. जुलै १९९१ मध्येही अवमूल्यन झालं. ते सरकारने ठरवून केलेलं. आता मात्र भाव बाजारात रोज ठरतो. रिझर्व्ह बँक त्यावर लक्ष ठेवते आणि रुपया फार वेगाने घसरू लागला तर आपल्याजवळचे डॉलर विकते. जुलै २०२२ मध्ये एका डॉलरला ८० रुपये पडू लागले. डिसेंबर २०२५ मध्ये तो आकडा ९० च्या वर गेला.

आता पाटी-पेन्सिल घ्या. हिशोबाला सोपं म्हणून समजा, पामतेल १००० डॉलरला एक टन आहे. टन म्हणजे हजार किलो, म्हणजे किलोला एक डॉलर. डॉलर ८० रुपयांना असताना किलोभर तेल ८० रुपयांचं, डॉलर ९० झाला की ९० रुपयांचं. मलेशियातल्या व्यापाऱ्याने भाव एक पैसाही वाढवलेला नाही, तरी आपले दहा रुपये जास्त गेले!

एवढ्यावर भागत नाही. बंदरावर सरकारचा आयात कर लागतो. शुद्ध न केलेल्या पामतेलावर तो सप्टेंबर २०२४ मध्ये सगळा मिळून साडेसत्तावीस टक्के झाला होता. मे २०२५ च्या अखेरीस तो साडेसोळा टक्के करण्यात आला. कर टक्क्यांत असतो, म्हणून तेल रुपयांत महागलं की करही आपोआप वाढतो. ८० रुपयांचं तेल साडेसोळा टक्के कर धरून ९३ रुपये २० पैसे होतं, ९० रुपयांचं होतं १०४ रुपये ८५ पैसे. फरक दहाचा राहिला नाही, ११ रुपये ६५ पैसे झाला. पंधरा किलोच्या डब्याला जवळजवळ पावणेदोनशे रुपये. ज्या आया बचत गटात चिवडा-चकली करून विकतात, त्यांना पावणेदोनशे म्हणजे काय ते सांगायला नको.

पण थांबा, अर्धाच हिशोब झाला. शेवेच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत शंभर ग्रॅममध्ये स्निग्ध पदार्थ किती ते छापलेलं असतं. बहुतेक ३५ ते ४० ग्रॅमच्या आसपास आकडा सापडेल. म्हणजे किलोभर शेवेत साधारण साडेतीनशे ग्रॅम तेल धरू. किलोला ११ रुपये ६५ पैसे, तर साडेतीनशे ग्रॅमला सुमारे ४ रुपये. डॉलर ऐंशीचा नव्वद झाला, तर त्या तेलापायी किलोभर शेव चार रुपयांनी महागायला हवी. म्हणून 'डॉलर वाढला' म्हणत कोणी किलोमागे चाळीस रुपये वाढवले, तर बाकीचे कशाचे ते जरूर विचारावे.

सगळाच लबाडीचा मामला आहे असंही नाही. खनिज तेलही आपण बहुतेक बाहेरूनच आणतो. त्यामुळे मालट्रकच्या डिझेलवर आणि पाकिटाच्या प्लॅस्टिकवर परिणाम होतो. स्वयंपाकाचा गॅसही निम्म्याहून जास्त परदेशी आहे. घरच्या सिलिंडरचा भाव सरकार सांभाळून धरतं, पण हॉटेलचा १९ किलोचा सिलिंडर बहुधा दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. वडापाववाल्याला तेलाआधी तोच चटका बसतो. बटाटा, कांदा, केळी, शेंगदाणे हे मात्र आपल्याच मातीतले. त्यांचा भाव डॉलरपेक्षा पावसावर जास्त हलतो.

कधी रुपया जागेवर असतो आणि तेलच भडकतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफुलाचं तेल बंदरांत अडकलं. २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवणंच बंद केलं, ते साधारण साडेतीन आठवडे. पुढे त्याच वर्षी पामतेल जोरात उतरलं, पण तोवर रुपया घसरला होता, म्हणून त्या उताराचा काही भाग वाटेतच जिरला. आणि भज्यांची प्लेट एकदा चढली की उतरताना कोणी पाहिली आहे?

आता आपल्या दहा रुपयांच्या पाकिटाकडे वळू. आपल्याला हे सगळ्यात जवळचं! समजा त्यात ४० ग्रॅम शेव आहे. किलोला चार रुपये वाढ, तर ४० ग्रॅमला १६ पैसे. कंपनी काही दहा रुपये सोळा पैसे मागू शकत नाही, सोळा पैसे कोण देणार? मग ती पाकिटावर १० रुपयेच ठेवते आणि आत ३९ ग्रॅम भरते. गॅस, डिझेल, प्लॅस्टिक वाढलं की आणखी दोन-तीन ग्रॅम जातात. पाकीट तेवढंच फुगलेलं दिसतं, कारण आत हवा असते, आणि हवेला डॉलर लागत नाहीत. हा गुन्हा नाही, वजन मागे छापलेलं असतंच. फक्त ते आपण वाचत नाही.

गाडीवरचा भजीवाला पाकीट लहान करू शकत नाही. तो भजं लहान करतो, नाहीतर तेच तेल पुन्हा पुन्हा तापवतो. यातलं दुसरं वाईट. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात शरीराला अपायकारक पदार्थ तयार होतात. तेल ठरावीक मर्यादेपलीकडे बिघडलं की ते वापरू नये, असा सरकारी नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. आपल्याकडे यंत्र नाही, पण तेल काळं, दाट, फेसाळ दिसलं आणि घशाला खवखवलं तर ती भजी नकोतच.

एक बाजू अजून राहिली, आणि ती पालकांना जास्त जवळची. परदेशी तेल महाग झालं तर देशातल्या सोयाबीनला भाव मिळायला हवा. सप्टेंबर २०२४ मधली करवाढ शेतकऱ्यांसाठीच होती. तरी त्या हंगामात बाजारभाव ४८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिला. कारण क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो, बाकी बहुतेक पेंड. जगात पेंड भरपूर आणि स्वस्त असली की तेलाची तेजी एकटी काय करणार? रुपया घसरला की पेंड परदेशी विकणाऱ्याला जास्त रुपये मिळतात हे खरं, पण ते शेतकऱ्याच्या पट्टीपर्यंत येता येता बरेच आटतात. म्हणजे एकाच घरात शेव महागते आणि सोयाबीन तिथंच राहतं, असंही घडतं.

या लेखाशेजारी एक कोरा कागद लावला आहे. ज्यांच्याकडे रिकामी पाकिटं असतील त्यांनी पदार्थाचं नाव, छापलेली तारीख, किंमत आणि वजन त्यावर लिहावं. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच पदार्थांची नवी पाकिटं आणून शेजारच्या रकान्यात वजन भरू.