कथेचा तर्क आणि कथेची नीती

कथा ऐकून उठणारे श्रोते दोन प्रकारचे असतात, असे आपण सामान्यतः धरून चालतो. एकाला कथेतील गफलत सापडते, तो विचारतो, "असे घडेलच कसे?" दुसऱ्याला कथेतील वर्तन खटकते, तो विचारतो, "असे वागावे काय?" पहिला चिकित्सक, दुसरा नीतिवादी, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. आम्हांस मात्र असे वाटते की, हे दोन प्रश्न पुष्कळदा एकाच दोरीची दोन टोके असतात. हे फार स्वच्छ दिसते ते 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथामालिकेच्या चाहत्यांच्या वादांत. ही मंडळी गेली साठ वर्षे भांडत आहेत, आणि त्यांचे भांडण ऐकण्यासारखे आहे.

प्रथम मालिकेची ओळख करून घेऊ. 8 सप्टेंबर 1966 रोजी ती अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तेविसाव्या शतकातील एक अंतराळनौका, तिचा कप्तान किर्क, त्याचा तर्कनिष्ठ सहकारी स्पॉक, आणि दर आठवड्यास एक नवे जग, अशी तिची रचना होती. दुसऱ्या वर्षीच ती बंद पडण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा चाहत्यांनी पत्रांचा असा मारा केला की, मालिका पुढे चालू राहील असे एनबीसी या कंपनीला मार्च 1968 मध्ये पडद्यावरून जाहीर करावे लागले. पुढे 1969 मध्ये ती थांबली, पण चाहते थांबले नाहीत. जानेवारी 1972 मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचा मेळावा भरला. काहीशे माणसे येतील असा संयोजकांचा अंदाज होता. आली तीन हजारांवर. त्यानंतर याच विश्वात घडणाऱ्या अनेक नव्या मालिका निघाल्या आणि वादांना तोटा उरला नाही.

या विश्वात ट्रान्सपोर्टर नावाचे एक यंत्र आहे. ते माणसाच्या देहाचे कण कण सुटे करून दूर पाठविते व तिथे पुन्हा जुळविते. त्याचा जन्म काटकसरीतून झाला. दर आठवड्यास प्रचंड नौका ग्रहावर उतरताना दाखविणे खर्चाचे होते, म्हणून माणसेच क्षणात खाली धाडण्याची युक्ती निघाली. 6 ऑक्टोबर 1966 रोजी दाखविलेल्या भागात या यंत्रात बिघाड होतो आणि एका किर्कचे दोन किर्क होतात, एक सौम्य व एक क्रूर. यंत्र बंद पडल्यामुळे खाली ग्रहावर अडकलेले सहकारी थंडीने गोठू लागतात. येथे चिकित्सक चाहता हात वर करतो: नौकेवर लहान होडी असते ना, ती का पाठविली नाही? खरे उत्तर साधे आहे. तशी होडी मालिकेत प्रथम दिसली ती त्यानंतर काही आठवड्यांनी. पण चाहत्याला लेखकाची अडचण नको असते, कथेतील कारण हवे असते. मग कोणी म्हणतो, होडी दुरुस्तीला असेल. कोणी म्हणतो, खालच्या हवेत ती टिकली नसती.

हा पोरखेळ वाटेल, पण तसा तो नाही. त्या भागाचा सगळा ताण "दुसरा मार्ग नव्हता" या एका वाक्यावर उभा आहे. होडी असेल तर सहकाऱ्यांचे हाल अपरिहार्य नव्हते, आणि निर्णय घेता न येणारा सौम्य किर्क निव्वळ दुबळा नव्हे, तर दोषी ठरतो. म्हणजे होडीचा प्रश्न जबाबदारीचा प्रश्न आहे.

याहून गंभीर उदाहरण 6 मे 1996 रोजी दाखविलेल्या भागाचे. 'व्हॉयेजर' नावाची नौका घरापासून दशकानुदशकांच्या अंतरावर एकाकी भटकत आहे. टुवॉक आणि नीलिक्स हे दोन सहकारी एका ग्रहावरून फुले गोळा करून ट्रान्सपोर्टरने परततात. त्या वनस्पतीच्या विलक्षण गुणधर्मामुळे दोघांचे मिळून एकच माणूस बाहेर पडतो. तो स्वतःला टुविक्स म्हणवितो. त्याला दोघांच्याही आठवणी आहेत, पण स्वभाव स्वतःचा आहे. तो सर्वांत मिसळतो, कामास उपयोगी पडतो. काही आठवड्यांनी त्याला पुन्हा दोघांत विभागण्याचा उपाय सापडतो. टुविक्स म्हणतो, मला जगावयाचे आहे. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव घेणार नाही, असे सांगून डॉक्टर नकार देतो. मग कप्तान जेनवे स्वतःच्या हाताने ते काम करते. दोघे परत येतात, तिसरा संपतो.

हा न्याय की खून? चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणतो, दोन जीव एकाहून अधिक, आणि त्या दोघांची संमती कोणी विचारली होती? दुसरा म्हणतो, जिवंत व निरपराध माणसाला इतरांच्या लाभासाठी मारणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. एवढ्यात चिकित्सक येतो आणि दाखवितो की, याच विश्वात 1993 मध्ये दाखविलेल्या एका भागात ट्रान्सपोर्टरने रायकर नावाच्या अधिकाऱ्याची हुबेहूब दुसरी आवृत्ती निर्माण केली होती. मग टुविक्सच्याही दोन प्रती काढाव्यात. एक ठेवावी, एक विभागावी. सर्व प्रश्न मिटला! पण खरोखर मिटला काय? जी प्रत विभागावयाची तीही टुविक्सच. तीही म्हणणार, मला जगावयाचे आहे. यंत्राची युक्ती नीतीचा प्रश्न सोडवीत नाही, फक्त पुढच्या दाराशी नेऊन ठेवते.

गमतीची गोष्ट अशी की, 2023 मध्ये याच विश्वातील एका विनोदी मालिकेने हा वाद पडद्यावर आणला. तेथे एकामागून एक माणसे अशीच जोडली जातात. शेवटी सर्वांचा मिळून जाणीव नसलेला एक गोळा करतात आणि मग तो विभागतात, म्हणजे कोणाच्याही जिवाचा प्रश्न उरत नाही. सत्तावीस वर्षांच्या भांडणातून निर्माते एवढे नक्की शिकले होते की, आधी पात्राची जाणीव काढून घेतल्यावाचून प्रेक्षक सुटका होऊ देणार नाहीत.

तिसरे उदाहरण उलट बाजूचे आहे. जानेवारी 2002 मध्ये दाखविलेल्या एका भागात एका ग्रहावर दोन मानवसदृश जाती राहतात. त्यांपैकी प्रगत जात आनुवंशिक रोगाने सुमारे दोन शतकांत नष्ट होणार आहे. नौकेवरचा डॉक्टर फ्लॉक्स औषध शोधतो, पण ते देऊ नये असे त्याला वाटते. उत्क्रांतीचा कल दुसऱ्या, मागे पडलेल्या जातीकडे आहे, त्यात आपण ढवळाढवळ करू नये, असा त्याचा युक्तिवाद. कप्तान आर्चर अखेर ते मान्य करतो आणि केवळ यातना कमी करणारे औषध देऊन निघून जातो. येथे जीवशास्त्र जाणणारे चाहते संतापले, आणि ते रास्त होते. उत्क्रांतीला कसलाही हेतू नसतो. कोणी मरावे व कोणी वर यावे अशी तिची योजना नसते. ही चूक केवळ शास्त्राची असती तर दुर्लक्ष करता आले असते. पण औषध नाकारण्याचे समर्थनच त्या चुकीवर उभे आहे. पाया काढला की वर उरते ते एवढेच: मरणाऱ्याला वाचविणे शक्य असताना वाचविले नाही. डॉक्टरच्या बाजूनेही बोलणारे आहेत. परक्या समाजाचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असे ते विचारतात. हा प्रश्न मोलाचा आहे. मात्र त्याला खोट्या शास्त्राच्या आधाराची गरज नाही.

या वादांतून आम्हांस दोन प्रकारच्या पळवाटा दिसतात. नीतीचा पेच नको म्हणून यंत्राची युक्ती शोधणे ही पहिली. आणि आपले कृत्य झाकण्यासाठी "निसर्गच असा", "नियमच असा" असे म्हणून तर्काचे दार लावून घेणे ही दुसरी. चांगला चाहता दोन्ही वाटा अडवितो. तो आधी विचारतो, खरोखरच दुसरा मार्ग नव्हता काय? आणि नव्हता असे ठरल्यावर विचारतो, मग किंमत कोणी मोजली, आणि त्याला विचारले होते काय?

अश्वत्थामा मेला, या युधिष्ठिराच्या अर्ध्या सत्यावर आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेच आहेत. तेव्हा हा छंद केवळ परदेशातील रिकामटेकड्यांचा, असे आपण समजू नये. प्रत्यक्ष जीवनात "काय करणार, नाइलाज होता" हे वाक्य आपण रोज ऐकतो, आणि खरे सांगावयाचे तर रोज उच्चारतोही. होडी खरोखरच नव्हती, की ती आहे हे पाहण्याचे कोणी कष्टच घेतले नाहीत, एवढे विचारण्याची सवय जर एखादी कथामालिका लावीत असेल, तर तिच्यापायी झालेली भांडणे फुकट गेली असे म्हणता येणार नाही.