मूल 'मठ्ठ' नसते : सहा ते बारा वर्षांचे वय, शाळा आणि आपली अभ्यासिका

१२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाची चर्चा सुरू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक आकडा मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत आलेले प्रत्येक मूल आयुष्यभर साक्षर राहील इतके शिकूनच बाहेर पडले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

आज मुले चौथीपर्यंत पोहोचतात, आठवीपर्यंतही पोहोचतात. पण 'असर' २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीला असलेल्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा सोपा मजकूर वाचता आला. हजेरीपटावर नाव आहे, खिचडीच्या रांगेत मूल उभे आहे, पण शिक्षण मात्र हातून सुटत चालले आहे. बाबासाहेबांचा प्रश्न संपलेला नाही, त्याने फक्त रूप बदलले आहे.

आपल्या वस्त्यांमधील विहारांत अभ्यासिका चालतात. बहुतेक ठिकाणी त्या दहावी-बारावीच्या किंवा स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी असतात. त्या हव्यातच. पण जे मूल तिसरीत मागे पडले, ते तिथपर्यंत येणारच नाही. म्हणून सहा ते बारा या वयात मुलाच्या शरीरात आणि बुद्धीत काय घडते, हे कार्यकर्त्यांनी समजून घेणे गरजेचे आहे.

शरीर : संथ वाढ, मोठी गरज

या वयातली वाढ डोळ्यांत भरत नाही. मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर उंच होते आणि त्याचे वजन २ ते ३ किलोने वाढते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाचे दात पडू लागतात. मेंदूचा आकार सहाव्या वर्षीच प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. मात्र मेंदूतील जोडण्या पक्क्या होण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालू राहते.

पहिलीतले मूल बोटांच्या बारीक स्नायूंवर अजून ताबा मिळवत असते. त्याचे अक्षर वेडेवाकडे येते म्हणून त्याला दहा वेळा तेच लिहायला लावणे ही शिक्षाच आहे. मणी ओवणे, माती मळणे, कागद कापणे यांनी बोटे तयार होतात. तसेच या वयाला रोज किमान ६० मिनिटे धावपळीचा खेळ हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तास-दीड तास एका जागी न बसणारे मूल उनाड असते असे नाही. त्याचे शरीर त्या वयाला शोभेल तसेच वागत असते.

झोप रोज ९ ते १२ तास हवी. एका खोलीच्या घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि पहाटे पाणी भरण्याची गडबड असेल, तर ती मिळत नाही. अशा मुलाला वर्गात डुलकी लागते आणि त्याच्यावर आळशीपणाचा ठपका येतो.

आहाराचेही तसेच. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, असे प्रमाण ठरलेले आहे. रक्त कमी असेल तर लक्ष टिकत नाही. त्यासाठी ५ ते ९ वयाला लोहाची गुलाबी गोळी आणि १० ते १९ वयाला निळी गोळी आठवड्यातून एकदा देण्याची सरकारी योजना आहे. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी जंताची गोळी दिली जाते. आणि सर्वांत साधी गोष्ट डोळ्यांची. फळ्यावरचे दिसत नाही हे मूल स्वतःहून सांगत नाही, कारण सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटत असते.

बुद्धी : वस्तू हाताळून विचार करण्याचे वय

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा एक प्रयोग घरीही करता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. एका पेल्यातले पाणी मुलासमोरच उंच, अरुंद बाटलीत ओता आणि विचारा, कशात जास्त? पाच वर्षांचे मूल बहुधा बाटलीकडे बोट दाखवते, कारण तिथे पाणी उंच दिसते. सात-आठ वर्षांचे मूल म्हणते, सारखेच आहे, तुम्ही नुसते ओतले. डोळ्यांना दिसते त्यापलीकडे जाऊन तर्क करायला ते शिकलेले असते.

पियाजे यांनी साधारण ७ ते ११ या वयाला मूर्त विचारांची अवस्था म्हटले. मूल तर्क करते, पण समोर असलेल्या किंवा हाताळलेल्या वस्तूंबद्दल. निव्वळ अमूर्त विचार बहुधा अकरा-बारानंतर जमू लागतो. म्हणून 'तीन छेद चार' फळ्यावर लिहून कळत नाही. भाकरीचे चार सारखे तुकडे करून तीन हातात दिले की कळते. दशक-एककही दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधल्या की समजतो.

आपल्या वस्तीतली कितीतरी मुले भाजीच्या गाडीवर आई-वडिलांना मदत करतात आणि हिशेब तोंडी करून सुट्टे पैसे चोख परत देतात. तीच मुले वहीतल्या वजाबाकीला अडतात. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले. बाजारातल्या मुलांना व्यवहारातले हिशेब जमत होते, शाळेच्या पद्धतीने मांडलेली गणिते जमत नव्हती. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचे उलटे होते. म्हणजे बुद्धी आहे, पण बाजार आणि वही यांच्यामध्ये पूल बांधलेला नाही.

मराठीत शिकताना मुलाला आणखी काही अडथळे ओलांडावे लागतात. 'कि' म्हणताना 'क' आधी उच्चारला जातो, पण ऱ्हस्व वेलांटी त्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे आधी दिसते. 'त्रेचाळीस' ऐकताना तीन आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र चार आधी. म्हणून मूल ३४ लिहून मोकळे होते. 'एकोणपन्नास'मध्ये पन्नास ऐकू येतात आणि लिहायचे ४९. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असेही वाचन दिले, तेव्हा त्याची भरपूर खिल्ली उडवली गेली. पण मुलाचे मन कुठे अडते, हा त्यामागचा प्रश्न खरा होता.

या वयात एका वेळी डोक्यात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. अक्षर-अक्षर जुळवण्यातच सारी शक्ती गेली, तर वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरली जाते. असे मूल वाचते, पण त्याला कळत नाही.

तिसरीचे वळण

दुसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. तिसरीत परिसर अभ्यास सुरू होतो आणि तिथून पुढे शिकण्यासाठी वाचावे लागते. ज्याला वाचता येत नाही, त्याचे सगळेच विषय एकदम बुडू लागतात. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर कुटुंबासोबत स्थलांतर करणाऱ्या मुलांचे शाळेचे महिनेच्या महिने याच वळणावर जातात. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि पायाभूत गणित यावे, यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' सुरू केले आणि २०२६-२७ ची मुदत ठेवली.

शिक्षण हक्क कायद्यानुसार आधी आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. पुनर्परीक्षेतही नापास झालेले मूल त्याच वर्गात राहते. तिसरीतल्या दुर्लक्षाची किंमत आता पाचवीतल्या मुलाला मोजावी लागते.

शिक्का आणि त्याचा परिणाम

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मते, या वयात 'मला जमते' किंवा 'मी कमी आहे' यांपैकी एक भावना मनात घर करते. 'मठ्ठ', 'ढ', 'याच्या डोक्यात काही शिरत नाही' हे शब्द इथे खोल जातात. घरी 'मले', 'तुले' बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसले गेले, तर ते पुढे तोंडच उघडत नाही.

जातीचा शिक्का तर थेट कामगिरीवर परिणाम करतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा कथित उच्च आणि खालच्या जातींतल्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारल्यावर मात्र खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच होती, कोडी तशीच होती. वर्गात शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना जात मोठ्याने विचारणे किती महाग पडू शकते, याचा विचार करावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे.

आपण काय करू शकतो?

१. विहारात आठवड्यातून किमान तीन संध्याकाळी दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी तासभर वर्ग घ्या. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक मुलाला एकटे शेजारी बसवून दुसरीचे पुस्तक वाचायला द्या. इतरांसमोर नको.

२. गट इयत्तेनुसार नको, पातळीनुसार करा. अक्षरे ओळखणारी, शब्द वाचणारी आणि परिच्छेद वाचणारी मुले वेगवेगळी बसवा. दर महिन्याला पुन्हा तपासा.

३. काड्या, खडे, चिंचोके, खोट्या नोटा, मोजपट्टी जवळ ठेवा. आधी वस्तू, मग चित्र, मग आकडा. गोष्ट सांगताना मुलांची घरची बोली चालू द्या, प्रमाण मराठी हळूहळू येते.

४. मागे पडलेल्या मुलाची आधी नजर, कान, जेवण आणि झोप विचारा. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येणे अपेक्षित असते. ते आले का, ते पाहा.

५. मुलींमध्ये वयात येण्याची लक्षणे ८ ते १३ या वयात कधीही सुरू होतात, म्हणजे तिसरी-चौथीतही. पाळीबद्दल वस्तीतल्या ताईंनी वेळेआधी बोलावे आणि शाळेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे का, ते बघावे.

६. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्या वस्तीतल्या आया त्या समितीत आहेत का? नसतील तर पुढच्या निवडीला त्यांना उभे करा.

यासाठी मोठा निधी लागत नाही. बारावी झालेले दोन-तीन तरुण, एक सतरंजी आणि सातत्य लागते. जयंतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा गोष्टींच्या पुस्तकांसाठी बाजूला काढता येईल. आपल्या वस्तीत तिसरीतली किती मुले आहेत आणि त्यांपैकी किती जणांना वाचता येते, याची यादी या महिन्यात तयार करा. त्या यादीतली मुलेच उद्या आपल्या अभ्यासिकेत दहावीला बसणार आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!