दोन नौका, एक तांडेल

गंगाखेडला गोदावरीचं पात्र आणि जिंतूरकडे येलदरीचा जलाशय, परभणीकरांच्या ओळखीचं मोठं पाणी एवढंच. इथली होडी वल्ह्यांची, मासेमाराची. शिडाच्या नौकांवर लिहिण्याचा अधिकार मराठवाड्यातल्या माणसाला कोणी दिला, असं कोकणातला वाचक विचारील. त्याला फलटणजवळच्या विंचुर्णीचा दाखला देतो. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर त्या कोरडवाहू गावी राहिले. भारतीय माणसाने शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांचाच. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली. तिच्यातून २००९-१० मध्ये दिलीप दोंदे टप्प्याटप्प्याने जगाभोवती फिरून आले, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता.

‘म्हादेई’ मोठी, नौदलाची. मला तोलायच्या आहेत त्या सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या, बत्तीस ते छत्तीस फुटी नौका. ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत टॉमी दोनदा उतरले, दोन्ही वेळा अशाच नौकेतून. २०१८ मध्ये ‘थुरिया’, २०२२ मध्ये ‘बायानात’. तांडेल तोच, शर्यत तीच, नियम तेच: उपग्रहाची मदत नाही, सेक्स्टंटने सूर्य-तारे मोजायचे आणि कागदी नकाशावर रेघ ओढायची. नौकांची तुलना करायला इतकी चांगली सोय सहसा मिळत नाही.

‘थुरिया’चं मूळ मुंबईत आहे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कुलाब्यात सागवानी नौका बांधून घेतली. १९६४ च्या अखेरीस ती पाण्यात उतरली, नाव ‘सुहेली’. आराखडा विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन रचनाकाराचा, १९२० च्या दशकातला. त्याच्या मुळाशी नॉर्वेच्या जीवरक्षक नौकांची घडण. खरं तर हा आराखडा हवाच नव्हता. मागवला होता दुसरा, टपालाने आला हा, आणि आलाय तर आलाय म्हणून त्याच्यावरच काम सुरू झालं. १९६८ च्या पहिल्या गोल्डन ग्लोबमध्ये नऊ जण निघाले, परत पोचली एकटी ‘सुहेली’, २२ एप्रिल १९६९ रोजी. याच ‘सुहेली’ची लाकडी प्रतिकृती दांडेकरांच्या गोदीत २०१७ मध्ये तयार झाली. ती ‘थुरिया’.

‘बायानात’ म्हणजे रस्टलर ३६ जातीची नौका. ही जात हॉलमन आणि पाय या इंग्रज रचनाकारांची, १९८० मधली, फायबरग्लासची.

आता आकडे. ‘सुहेली’ची लांबी साधारण ३२ फूट ५ इंच, रस्टलरची ३५ फूट ४ इंच. रुंदी दोघींची अकरा फुटांच्या आसपास, पाण्याखालची खोली साडेपाच फूट. दोघींचा कणा लांबलचक, सुकाणू त्याच्या मागच्या कडेला. मौज पुढेच आहे. पाण्याला टेकणारी लांबी पाहिली तर आखूड ‘सुहेली’ची २८ फूट भरते आणि लांब रस्टलरची २७ फुटांना इंचभर कमी. म्हणजे कागदावर दोघींचा कमाल वेग जवळपास सारखाच, सात नॉट.

मग फरक पडतो कुठे? ‘सुहेली’ची नाळ म्हणजे पुढचं टोक आणि वरामा म्हणजे मागचं, दोन्ही टोकदार, पाण्यावर फारसं पुढे आलेलं काही नाही. रस्टलरची टोकं पाण्यावर ओठंगलेली असतात. वाऱ्याने ती कलली की तीच पाण्यात उतरतात आणि नौका चालताना लांब होते. दुसरी गोष्ट वजनाची. रस्टलर साडेसात टनांची, आणि त्यातलं पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास वजन तळाशी नीरम म्हणून. ढकललेली बाहुली उठून बसावी तशी ती सावरते. ‘सुहेली’ तिच्याहून जड. हलक्या वाऱ्यात ती रेंगाळते, त्याची किंमत दिवसांत मोजावी लागते: नॉक्स-जॉन्स्टन यांना ३१२ दिवस लागले, ‘बायानात’ला २३६. मधल्या अर्धशतकात शिडाचं कापड आणि दोर सुधारले, तेवढी सूट ‘सुहेली’ला द्यायलाच हवी.

डोलकाठ्यांचं तसंच. ‘थुरिया’ला दोन, ‘बायानात’ला एक. दोन काठ्या म्हणजे शिडं लहान, एकट्या माणसाला आवरायला सोपी, आणि एक मोडली तरी दुसरी हाताशी, हा जुना हिशेब. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात तो हिशेब चुकला. तुफानात ‘थुरिया’ उलटीपालटी झाली, दोन्ही काठ्या गेल्या, टॉमींच्या मणक्याला जबर इजा झाली. नौदलाच्या विमानाने नौका हुडकली आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ‘थुरिया’ तिथेच सोडून द्यावी लागली.

यावरून लाकडी नौका कमकुवत, असा निकाल देणारे घाई करतात. त्याच तुफानात शर्यतीतले दुसरे स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांची फायबरग्लासची बिस्के ३६ ही नौकाही काठ्या गमावून बसली होती. पण त्याच पाण्यात मार्क स्लॅट्स यांची रस्टलर दोनदा आडवी झाली आणि काठीसकट उठली. पुढे पॅसिफिकमध्ये व्हॅन डेन हीड यांच्या रस्टलरची काठी खिळखिळी झाली, तरी त्यांनी शर्यत जिंकली. त्या वर्षी पाच जण पोचले. पहिले तिघेही रस्टलर ३६ घेऊन.

एवढं पाहिल्यावर टॉमींनी दुसऱ्यांदा रस्टलर निवडली यात नवल नाही. मणक्यात टायटॅनियमच्या सळ्या घेऊन ते ४ सप्टेंबर २०२२ रोजी निघाले. वाटेत वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूची पाती मोडली, ती त्यांनी नौकेतलंच सामान कापून नव्याने घडवली. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसरे आले. पहिल्या आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर ही शर्यत जिंकणाऱ्या पहिल्या महिला; त्यांची नौका केप जॉर्ज ३६, तीही लांब कण्याचीच.

कुलाब्याच्या सुतारकामाबद्दल मला अभिमान आहे, आणि मूळ ‘सुहेली’ अजून पाण्यावर आहे हे त्याचं प्रमाणपत्र. पण निवृत्तीनंतर लांबच्या सफरीसाठी नौका घेणाऱ्या कोणी मला विचारलं, तर उत्तर रस्टलर ३६ हेच. चाळीस वर्षांची जुनी मिळाली तरी चालेल; फक्त डोलकाठीचे ताणदोर आधी बदलून घ्यावेत.