माडीची खिडकी किती उंच?

उतरत्या छपराची माडी बाहेरून मोठी देखणी दिसते. आत खाटेवर पडलेल्या माणसाला काय दिसते, हे मात्र कुणी विचारीत नाही. आम्ही छत्रपती संभाजीनगरात गच्चीवर कौलारू खोली चढविली, ती लेकीच्या बाळंतपणासाठी. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, खिडकी चार फुटांवर घेऊ. पोर पडायची भीती नको."

बोलणे खोटे नव्हे; पण मी कागदपट्टी घेऊन बसले. वळचणीशी भिंत ८ फूट. (राष्ट्रीय इमारत संहिता तेथे निदान २.४ मीटर आणि खोलीची सरासरी उंची २.७५ मीटर मागते.) छप्पर २ फूट बाहेर, फुटाला ६ इंच उतार, म्हणजे कौलांची कड ७ फुटांवर. आपले गाव जवळजवळ २० अक्षांशावर. डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य चढतो जेमतेम ४७ अंश, आणि दक्षिणेच्या भिंतीवर कडेची सावली आणखी २ फूट उतरते. चार फुटांवरच्या खिडकीत ऊन येणार फूटभर. दोन फुटांवर घेतली तर तीन फूट! बाळंतिणीला हवे ते हेच. मे महिन्याच्या मध्यास सूर्य थेट माथ्यावर येतो, मग उत्तरेकडे कलतो. तेव्हा दुपारी ही खिडकी सावलीतच.

खाट दीड फूट उंच, त्यामुळे वाराही अंगावरून जातो. पोरासाठी गज उभेच हवेत, चार बोटांहून जास्त फट नको. आडवे गज म्हणजे शिडीच की! आणि तापल्या कौलांखालच्या हवेला आढ्याजवळ झरोका.

मिस्त्र्यांनी मान डोलावली आणि गजांचे पैसे वेगळे सांगितले.